तुळशीमागचा खड्डा

मी वायरमन आहे आणि माझ्या कामाचा मला नको तितका अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. राहायला कर्जतला, भिसेगावात, पण काम शिकलो ते खोपोलीच्या एका कारखान्यात. तिथे सगळी वायरिंग लोखंडी पाईपातून. पाईप मापाने कापायचा, टोकांना आटे पाडायचे, वळण हवं तिथे आत वाळू ठासून तो वाकवायचा आणि मग वायरींना शंखजिऱ्याची पूड चोळून त्या आतून ओढून घ्यायच्या. आमचे मिस्त्री वाकवलेल्या जागी बोट फिरवून बघायचे. जराही चपटं लागलं की पाईप बाजूला फेकायचे आणि वर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. अशी चार वर्षं काढून मी बाहेर पडलो, तो घराघरांत प्लास्टिकच्या पट्ट्या मारायला. 'ही वायरिंग नाही, ही पोरांची चिकटवही आहे,' असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलायचो आणि गिऱ्हाईक घालवायचो.

त्यामुळे पोशीरच्या मावशीच्या घराचं काम आलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. याला आता पंधरा वर्षं होतील.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. घर भातवाल्यांचं. झोडणी झाली की पोत्यांची थप्पी ओटीपासून माळ्यापर्यंत, आणि पोत्यांमागोमाग उंदीर. या उंदरांना भातापेक्षा प्लास्टिक गोड लागत होतं की काय कोण जाणे. दोनदा त्यांनी पट्टी कुरतडून वायर उघडी पाडली, त्यात एकदा माळ्यावर ठिणगी उडून एक पोतं जळालं. मावसभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, खोपोलीला नोकरीला. त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं. "घरात सून यायच्या आत वायरिंग पक्की कर," तो म्हणाला. "उंदराचा बाप पण खाणार नाय, असं कायतरी बघ."

मी म्हटलं, लोखंडी पाईप.

फाल्गुनात काम काढलं. मी जीव ओतून केलं, हे आजही म्हणेन. ओटीवरून माजघरात, तिथून माळ्यावर, तिथून स्वयंपाकघर आणि मोरी. एकही वळण चपटं नाही, पाईपाची ओळ दोऱ्यात धरल्यासारखी सरळ. शेजारपाजारचे बघायला येत होते. मावशीला तर पाईप भलताच आवडला.

"कपडे वाळत घालू का रं याच्यावर?"

"मावशी, ही दांडी नाही."

"मग भाताच्या लोंब्या तरी बांधते दोन."

मी हात जोडले. तिने दुसऱ्या दिवशी लोंब्या बांधल्याच.

लोखंडी पाईपाचं एक दुखणं असतं. आत कुठे वायर खरचटली आणि तिचं तांबं पाईपाला टेकलं, तर तेवढ्याच जागी नाही, घरभरच्या पाईपात वीज येते. ओटीवर हात लावा नाहीतर मोरीत, झटका सारखाच. म्हणून सगळा पाईप एकमेकाला नीट जोडून तारेने जमिनीत उतरवावा लागतो. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. छातीइतका खोल खड्डा, मधे उभी नळी, भोवती लोणारी कोळसा आणि जाड्या मिठाचे थर, आणि नळीचं तोंड पाणी ओतायला वर उघडं. जमीन ओली असली तर वीज गुमान जमिनीत जाते. कोरडी असली तर वाट अडते आणि माणूस सापडतो.

खड्डा मी आधी मोरीमागे घेतला, सांडपाण्याची ओल असते म्हणून. दोन फुटांवर कातळ लागला. पहार मारली की हाताला झिणझिण्या. अंगणात दुसरीकडे सगळा मुरूम, फाल्गुनातच भाजल्यासारखा कोरडा. खरं म्हणजे तार खालच्या शेताच्या बांधापर्यंत न्यायला हवी होती. तिथे बारमाही ओल असते. पण त्यात आणखी दीड दिवस गेला असता आणि नेरळचा एक माणूस त्याच्या कामासाठी सकाळ-संध्याकाळ फोन करून माझं डोकं खात होता. मी अंगणभर नजर फिरवली. एकच जागा ओली होती. तुळशीची.

मावशीचं वृंदावन म्हणजे शेणाने सारवलेला हातभर उंचीचा मातीचा कट्टा. तुळस त्यातून थेट जमिनीत मूळ धरलेली, कंबरेएवढी, चांगली डेरेदार. मावशी रोज तिला तांब्याभर पाणी घालायची, त्यामुळे भोवतीची माती लोण्यासारखी मऊ. मी कट्ट्याच्या मागे, दीड हातावर, कुदळ घातली.

"इथं कशाला रं खणतोस?"

"ओल लागते मावशी. तू पाणी घालतेस ना रोज, त्यावर तुझं अख्खं घर सुरक्षित राहणार."

हे ऐकून ती खूश झाली. पण मी मिठाच्या थैल्या फोडायला लागलो तशी पुन्हा बाहेर आली.

"मीठ? तुळशीच्या इतक्या जवळ?"

"नारळाला घालतोच ना आपण मीठ?"

"घालतो."

"नारळ मरतो का?"

"नाय बा. उलट धरतो चांगला."

"मग झालं तर."

इतकं सोपं. आमच्याकडे नारळाच्या आळ्यात मीठ घालतात हे खरंच आहे, लहानपणी मी स्वतः घातलं आहे. पण पेणकडे खारं पाणी शेतात शिरलं की भात जळून जातं, हेही मला तितकंच ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आहे मी. त्या दुपारी मला नारळ आठवला, शेत आठवलं नाही. मला नेरळला जायचं होतं.

वैशाखात लग्न झालं. वहिनी खालापूरकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या, बारावी झालेल्या. बोलायला कमी, कामाला चटपटीत. आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मावशीला विचारलं, "आई, तुळशीला दिवा मी लावू? घरी मीच लावायचे." मावशीने माझ्यासमोर त्यांच्या हातात निरांजन दिलं आणि मला म्हणाली, "बघ, न सांगता विचारलं." त्या निरांजन घेऊन अंगणात गेल्या तेव्हा सासरी आपली जागा सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

दोन दिवसांनी मी वहिनींना अंगणात बोलावलं आणि कारखान्यातल्या साहेबाच्या थाटात धडा दिला. दर सोमवारी या नळीत बादलीभर पाणी. महिन्यातून एकदा पाण्यात दोन ओंजळी जाडं मीठ विरघळवून. "चुकवायचं नाही, वहिनी. पाईप लोखंडी आहे. हा खड्डा सुकला आणि आत काही झालं, तर घरातल्या सगळ्यांच्याच जिवाशी गाठ आहे."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. एकच प्रश्न विचारला.

"सोमवारी कायबी असलं तरी?"

"कायबी असलं तरी."

मला वाटलं, पाहुणे आले, उपास असला, असं काहीतरी म्हणतायत. नव्या नवरीने परक्या पुरुषाला याहून स्पष्ट कसं विचारायचं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. माझ्या बायकोला नंतर सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अहो, त्या महिन्याच्या दिवसांचं विचारत होत्या."

आषाढात एका रविवारी मावसभावाचा फोन आला. "आई बोलावते. तुळशीचं कायतरी हाय."

गेलो. अंगणात शिरताना तुळशीकडे पाहिलं. पानं गळालेली, काड्या काळ्या पडलेल्या. कट्ट्याच्या मागच्या बाजूला आडोशाला माती जरा कोरडी राहिली होती आणि तिच्यावर पांढरी साय धरली होती. मिठाची साय. मी वाकून चव घेऊन बघितली नाही, गरजच नव्हती. जे घडलं ते मला तिथल्या तिथे कळलं.

ओटीवर मावशी बसली होती, मावसभाऊ खांबाला टेकून उभा, आणि माजघराच्या दारात वहिनी.

"ही बाजूला बसली होती," मावशी म्हणाली. "चार दिवस शिवायचं नाय, येवढं आईनं शिकवलं नाय का हिला? मी डोळ्यांनी बघितलं, बादली घेऊन तुळशीपाशी. विचारलं तर म्हणते, भावोजींनी सांगितलं. तू सांगितलंस?"

"नळीत पाणी घालायला सांगितलं होतं."

"त्या दिवसांत पण?"

"तसं नाही सांगितलं."

हे मी बोललो. शब्दाला शब्द लावला तर खोटंही नव्हतं.

"मी तुळशीला हात नाय लावला, आई," वहिनी म्हणाल्या. "नळीत घातलं फक्त. सगळ्यांच्या जिवाला धोका हाय म्हणाले होते."

मावशी माझ्याकडे वळली. "पाण्यानं तुळस मरते का रं?"

"पाण्यानं नाही मरत."

"मग कशानं मेली?"

आता मला फक्त 'मिठानं' म्हणायचं होतं. एक शब्द. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मीठ त्यांच्याच हातून गेलं होतं, त्यांना ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना दिसत होतं. त्या वाट बघत होत्या. मी पायातली चप्पल उगाच नीट केली.

"झाडाचं काय सांगावं, मावशी," मी म्हणालो.

वहिनींनी मान खाली घातली आणि आत गेल्या. मावसभावाने सुटकेचा श्वास टाकला, त्याला भांडण नको होतं. मावशीने मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

घरी येताना मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. सांगितलं असतं तर मावशीने तो खड्डा उकरून काढायला लावला असता, पाईप अर्थिंगवाचून राहिला असता, कुणाचा तरी जीव गेला असता. ऐकायला झकास. पण खड्डा दुसरीकडे न्यायला मला दीड दिवस पुरला असता, हे मला चांगलं ठाऊक होतं. खरं कारण एवढंच की माझ्या हातचं काम चुकलं, हे मला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं. आणि तुळस मारणारा वायरमन म्हणून पोशीरात नाव झालं असतं तर तिथे मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्या भीतीपायी मी दोन महिन्यांच्या नव्या नवरीला पुढे केलं आणि स्वतः मूग गिळून बसलो. मला त्याची लाज तेव्हाही वाटत होती. लाज वाटूनही माणूस गप्प राहू शकतो.

त्या दिवसापासून वहिनींच्या हातचं निरांजन गेलं. कार्तिकात मावशीने नवं रोप लावून तुळशीचं लग्न केलं, तेव्हा मी मुद्दाम गेलो. अंगणात आळीतल्या सगळ्या बायका, उसाचा मांडव, चुरमुऱ्यांची परात. वहिनी आत. दारातून नारळ, हळदकुंकू, तांब्या असं एकेक बाहेर देत होत्या आणि पुन्हा आत जात होत्या. एका बाईने विचारलं, सून कुठाय, तर मावशी म्हणाली, "तिला नाय चालत." त्या बाईने मान डोलावली. गावभर झालं होतं.

पौषात ते रोपही वाळलं. वाळणारच होतं, माती तीच होती. या वेळी तर वहिनी तिकडे फिरकल्याही नव्हत्या, नळीत पाणी मावसभाऊच ओतत होता, म्हणजे सुटल्या असं मला वाटलं. पण झालं उलटंच. न शिवता मेली म्हणजे हिचा नुसता पायगुणच तसा, असं ठरलं. त्यात पुढे दोन वर्षं मूल झालं नाही, तेही त्याच खात्यावर गेलं. मावशी दुष्ट नव्हती. सुनेच्या आजारपणात तिचे पाय चेपताना मी मावशीला पाहिलं आहे. पण तुळशीची गोष्ट निघाली की तिचा आवाज बदलायचा.

दुसऱ्या तुळशीनंतर मला राहवेना. पुढच्याच चैत्रात मीटर घेऊन गेलो, उगाच इकडेतिकडे तारा टेकवल्या, गंभीर तोंड केलं आणि अर्थिंग कमी पडतंय असं जाहीर केलं. मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. तार बांधापर्यंत नेली, तिथे नवा खड्डा घेतला. तुळशीमागची सगळी माती, 'कोळशाची घाण आहे' म्हणून, घमेल्यांनी उपसून लांब टाकली आणि शेतातली चांगली माती भरली. भर उन्हात एकट्याने. वहिनी एकदा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, उपसलेल्या खड्ड्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, तांब्या ठेवला आणि गेल्या.

श्रावणात मावशीने तिसरं रोप लावलं. ते असं फोफावलं की बघत राहावं. पुढच्या खेपेला मी गेलो तर मावशी मला हाताला धरून अंगणात घेऊन गेली.

"बघ. या वेळी मी हिला वाऱ्याला पण उभं केलं नाय. म्हणून जगली."

मी चोरून केलेली दुरुस्ती वहिनींच्याच विरुद्ध पुरावा झाली होती. मावशीने त्या दिवशी मला घावन आणि नारळाची चटणी वाढली. मी सहा घावन खाल्ले, कारण खात असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

मग वर्षं गेली. वहिनींना मुलगी झाली. मी दरवर्षी एकदा जातो, अर्थिंग तपासतो, पाईपाचे जोड घट्ट करतो. आजवर एकाही उंदराने दात लावलेला नाही, एकदाही कुणाला झटका नाही. त्या घरातलं माझं काम अजूनही कुणाला दाखवावं असं आहे, आणि मी आजवर कुणालाही दाखवायला नेलेलं नाही. दर वेळी जाताना ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी वहिनी चहा आणून द्यायच्या, "बरं हाय ना घरी?" विचारायच्या, आणि मी बरं आहे म्हणायचो.

यंदा दिवाळीनंतर गेलो. पोरगी आता बारा वर्षांची. तुळशीपुढे रांगोळी काढत बसली होती, ठिपके सगळे वाकडेतिकडे.

"अगं, आईला बोलव की," मी चिडवलं. "तिचे ठिपके बघ कसे सरळ असतात."

"आई इथं येत नाय," ती मान वर न करता म्हणाली. "तिच्या हाताला तुळस लागत नाय, मरते. आजी म्हणते, मी पण आता मोठी होणार, तर सांभाळून राहायचं. मी आईवर गेले असले तर माझ्यानं पण मरंल."

तिने हे अगदी सहज सांगितलं, शाळेतला धडा सांगावा तसं. आणि रांगोळीतून हात जरा मागे घेतला, तुळशीपासून लांब.

मी हातातलं मीटर तिथेच ठेवलं आणि ओटीवर गेलो. मावशी भिंतीला टेकून बसली होती, आता ऐंशीच्या पुढची. वहिनी तिच्या बाजूला सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्या बोललो, बसलो असतो तर पुन्हा चहा आला असता.

"मावशी, त्या दोन तुळशी माझ्यामुळे मेल्या. वहिनींचा काही संबंध नाही. खड्ड्यात मी मीठ घातलं होतं, त्या मिठानं मुळं जळली. वर दर महिन्याला वहिनींकडून घालून घेतलं. नंतर खड्डा हलवला, माती बदलली, म्हणून ही जगली."

मावशीला नीट ऐकू येतं. तिने टेकलेली पाठ भिंतीपासून सोडवली.

"तुला कधी कळलं?"

"तू मला बोलावलंस त्याच दिवशी."

ती मला शिव्या घालेल, असं मला वाटलं. निदान हाकलून देईल. मला ते हवं होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती सुनेकडे वळली.

"तुला ठाऊक होतं गं?"

"होतं, आई."

"मग बोलली का नाय?"

वहिनींनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "दोन महिने झाले होते मला या घरात. माझं कुणी ऐकलं असतं? भावोजी बोलतील म्हणून मी थांबले होते."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

मावशीने बाजूचा तांब्या ओढला. त्यात तिच्या प्यायचं पाणी होतं. एका हाताने तो उचलून तिने सुनेपुढे धरला. अंगणात पोरगी रांगोळी सोडून आमच्याकडे बघत उभी होती.

"जा," मावशी म्हणाली. "घाल तुळशीला. तुझ्या हातानं घाल."

वहिनींनी तांब्याकडे पाहिलं, मग तुळशीकडे. मला वाटलं, उठतील. मी तर त्यांना वाट द्यायला बाजूलाही सरकलो होतो.

"राहू द्या, आई," त्या म्हणाल्या. "पोरीला सांगितलंत तर बरं होईल, तिच्या मनातलं जाईल. मला आता त्याचं काय वाटत नाय. तेव्हा वाटायचं. पहिली चार-पाच वर्षं रोज संध्याकाळी वाटायचं."

आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मावशीचा हात तसाच पुढे राहिला. पाणी हिंदकळून ओटीवर सांडायला लागलं, तेव्हा मी तो तांब्या तिच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.